गावासमोर वाचता येईल तेवढंच माग

प्रिय बाय,

तुझं पत्र वाचून बेचैन झालो. वीजदराच्या निवेदनातले तू महिनाभर खपून जमवलेले तक्ते वरिष्ठांनी काढून टाकले, 'मंत्र्यांशी बोलून होईल' म्हणाले, आणि आता तुला वाटतंय की उद्योगांची बाजू सरकारकडे मांडण्याचं हे कामच दलालीचं आहे. तसं नाही. गोवा चेंबर ही व्यापार-उद्योगांची संघटना 1908 पासून, म्हणजे पोर्तुगीज अमदानीपासून, व्यापाऱ्यांचं म्हणणं सरकारदरबारी मांडत आलंय. आपली अडचण सरकारकडे नेण्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त एक पाळ: जी मागणी गावासमोर मोठ्याने वाचता येत नाही, ती मंत्र्यापुढे ठेवायची नाही.

वीजदराचंच घे. सबसिडी सरकारच्या हातात असली तरी दर ठरवतो संयुक्त वीज नियामक आयोग. वीज खात्याला याचिका प्रसिद्ध करावी लागते, हरकती मागवल्या जातात, जाहीर सुनावणी होते. तिथे कारखानदाराच्या शेजारी घरगुती ग्राहक बसलेला असतो. 'आमचा दर उतरवा' म्हटलंस की तो विचारणारच, मग ती तूट कुणाच्या बिलात घालणार? याचं उत्तर तुझ्या तक्त्यांत होतं का? असेल, तर त्यांच्यासाठी भांड. नसेल, तर वरिष्ठांवर रागावण्याआधी ते शोध. नुसती चीड मला चालत नाही.

सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रं, आठव. कायदा केंद्राचा, कंपन्यांना जमिनी मिळालेल्या, कागद तयार. गावांना मात्र कुणी विचारलं नव्हतं. लोक रस्त्यावर आले आणि 2007 च्या डिसेंबर अखेरीला सरकारला सेझ रद्द करत असल्याचं जाहीर करावं लागलं. त्या जमिनींचा हिशेब मिटायला 2018 उजाडलं. यात उद्योगाचं काय भलं झालं, सांग. 40 आमदारांचं हे राज्य, मतदारसंघ लहान. मंत्र्याला पर्वरीच्या विधानसभेतून संध्याकाळी त्याच गावात परत जायचं असतं. गावासमोर जे टिकत नाही, ते तोही फार दिवस टिकवू शकत नाही.

हे मी आमच्या संघटनेत वर्षानुवर्षं सांगितलं. प्रत्येक निवेदन आधी सगळ्या सदस्यांना दाखवा, जाहीर करा, मग द्या, असा आग्रह धरला. 'वाटाघाटी चव्हाट्यावर होत नाहीत,' असं उत्तर मिळालं. मी समितीतून बाहेर पडलो. मला हट्टी म्हणाले, आजही म्हणतात. म्हणोत. माझं बरोबरच होतं. खंत आहे ती लहान वर्कशॉपवाल्यांची. दिवसा मशीन बंद ठेवून बैठकीला येणं त्यांना परवडत नसे, आणि त्यांचं म्हणणं तिथे पुढे कुणी मांडलं नाही.

म्हणून तू त्यांच्याकडे जा. कुंडई, मडकई, वेर्णा इथल्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान युनिटांची वर्षभराची बिलं गोळा कर. किती वेळा वीज गेली, किती माल वाया गेला, तेही लिहून घे. कोणत्या कलमात कोणता शब्द बदलायचा हे नेमकं लिही, कारण फाईलवर टिपण लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला तेच लागतं. मंत्री बदलतो, टिपण राहतं. मग ते निवेदन एखाद्या पंचायतीत वाचून दाखव. लोक चिडले तर चिडू देत, काय म्हणाले ते मला कळव. तक्ते माझ्याकडेही पाठव. वरिष्ठांशी काय बोलायचं ते त्यानंतर बघू.

तुझा,
काका