पावसात गाडीच्या आत पाणी येतंय, पण कुठून ते कळत नाही. कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढचं कार्पेट मोठ्या पावसानंतर चिंब होतं, गॅरेजवाल्याने काचेभोवती सिलिकॉन मारून दिलं, तरी पाणी येतंच आहे. आता आणखी सिलिकॉन मारू देऊ नका. मी चिपळूणला गाड्यांचंच काम करतो. अशी गाडी आली की आधी जुनं सिलिकॉन खरवडत बसावं लागतं. गळती सापडायच्या आधी मारलेल्या सिलिकॉनने पाण्याची वाट फक्त बदलते, आणि कधीकधी पाणी बाहेर जायची भोकंच बुजतात.

वायपरखाली, दारांच्या आत, सनरूफच्या चौकटीत पाणी शिरणारच, हे धरूनच गाडी बनवलेली असते. त्या पाण्याला खाली उतरून बाहेर पडायला वाट दिलेली असते. कौलारू घराची पन्हळ पानांनी तुंबली की पाणी भिंतीवरून आत येतं, तसंच इथे होतं. म्हणून फाटलेलं रबर शोधण्याआधी तुंबलेली भोकं शोधा.

सुरुवातीला पाणी कसलं आहे ते बघा. बोटाला चिकट लागलं, गोडसर वास आला आणि काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव आहे. मग हीटर कोअर, म्हणजे डॅशमागचा हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. ते विषारी असतं, त्यामुळे लहान मुलं आणि कुत्री-मांजरं गाडीपासून लांब ठेवा आणि गाडी थेट मेकॅनिककडे न्या. पाणी स्वच्छ असेल आणि पाऊस नसतानाही एसी लावल्यावर येत असेल, तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय. आपल्याकडच्या दमट हवेत एसी थोडा वेळ चालला की गाडीखाली थेंब पडायलाच हवेत. पडत नसतील तर पाइप खालून हळूच मोकळा करा. कॉम्प्रेसरची जोराची हवा मारू नका, पाइप आतल्या बाजूला निसटतो.

तुमच्याकडे पाणी पावसानंतरच येतं, म्हणून माझा पहिला संशय वायपरखालच्या काळ्या जाळीवर आहे. बॉनेट उघडा आणि जाळीच्या दोन्ही टोकांना हात घालून बघा. झाडाखाली लावलेल्या गाडीत तिथे पानं, मोहर, माती कुजून अक्षरशः खत झालेलं असतं. त्याने कोपऱ्यातली भोकं बुजतात, पावसाचं पाणी तिथे साठून वर चढतं आणि ब्लोअर, म्हणजे एसीचा पंखा, जिथून हवा ओढतो त्या तोंडातून आत पडतं. आपल्या बहुतेक गाड्यांत ब्लोअर डाव्या बाजूला असतो, म्हणून ओलं होतं ते नेमकं शेजारच्या सीटपुढचं कार्पेट. खात्री करायची असेल तर ग्लोव्ह बॉक्स खाली घ्या आणि मागचा केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, ओढून काढा. तो ओला असेल, किंवा त्यावर मातकट पाण्याच्या रेघा वाळलेल्या असतील, तर तुमचा चोर सापडला. जाळी काढून सगळा कचरा हाताने उचला. तो पाण्याने आत ढकलू नका, नाहीतर भोकं पुन्हा तुंबतील.

फिल्टर कोरडा निघाला तर पाण्याचा पाइप लावून तपासा. डॅशखालचं कव्हर आणि पायाजवळचं प्लास्टिक काढा, कार्पेट उचला, उघड्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडायचं. पाण्याला जोर नको, नुसती धार हवी. प्रेशर वॉशरने चांगल्या रबरातूनही पाणी आत जातं आणि तपास भलतीकडेच भरकटतो. खालून सुरुवात करा आणि एकेका जागी पाच मिनिटं थांबून वर सरका. वरून ओतलं तर सगळीकडून ओघळ येतात आणि काहीच कळत नाही. पावडरवर ओघळ उमटला की तो जिथून सुरू झाला तिथपर्यंत उलटं जा. वायरिंग जिथून इंजिनकडून आत येतं तिथलं ग्रोमेट, म्हणजे भोकात बसवलेलं रबरी बूच, कधीकधी निसटलेलं असतं, आणि बाहेरचं अ‍ॅक्सेसरीचं काम करून घेतलं असेल तर हे हमखास बघा. गाडी रोज उतारावर लावत असाल तर तपासतानाही तशीच तिरकी लावा.

कार्पेट दाराच्या कडेला जास्त ओलं असेल तर दाराच्या आतल्या ट्रिममागची प्लास्टिकची शीट बघा. स्पीकर बदलताना किंवा काचेची मोटर काढताना ती फाडली जाते आणि परत नीट चिकटवलीच जात नाही. मग दाराच्या आत उतरलेलं पाणी खालच्या भोकांतून बाहेर जायच्या ऐवजी आत येतं. शीट ब्यूटाइल टेपने, म्हणजे चिकट रबरी टेपने चिकटवा, भोकं काडीने मोकळी करा. दाराच्या रबरावर खडू घासून दार लावलं की जिथे चौकटीवर खूण उठत नाही तिथे रबर बसत नाहीये.

सनरूफ असेल तर चौकटीच्या कोपऱ्यात कपभर पाणी ओता. ते गाडीखाली पडायला हवं. नळी साफ करायला गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी उत्तम, ताठ तारेने नळी निसटते. डिकीत, स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी असेल तर मागच्या दिव्यांचं गॅस्केट, म्हणजे दिव्यामागची रबरी पट्टी, आधी बघा. पुढची काच बदलली असेल आणि तिथूनच येत असेल, तर काच काढून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने, म्हणजे काच चिकटवायच्या खास गोंदाने, पुन्हा बसवायला लावा.

गळती थांबली तरी काम अर्धंच झालंय. कार्पेटखालचा फोम बरंच पाणी धरून ठेवतो आणि वरून हाताला कोरडा लागतो. वर्तमानपत्राची घडी ठेवून टाचेने दाबा, कागद ओला झाला तर सीट काढून कार्पेट उचलावंच लागेल. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे असतात. बॅटरी काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नका. जुलैत ऊन मिळत नाही, तेव्हा फोमखाली विटा घालून पंखा लावून ठेवा. पत्रा पुसून गंज बघा, तिथल्या वायरच्या जोडांवर हिरवट चढलंय का तेही बघा. फोम पूर्ण वाळल्याशिवाय कार्पेट परत टाकू नका, आणि टाकण्याआधी पाइप लावून पुन्हा एकदा तपासा.