‘सेल आउट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: रील बिग फिश या अमेरिकन बँडच्या ‘सेल आउट’ गाण्याचा मराठी अनुवाद करायचा आहे, तर शीर्षकाला ‘विकला गेला’ चालेल का? ‘सेल आउट’ म्हणजे इथे पैशासाठी आपली कला, आपली तत्त्वं विकणं.

मला वाटतं, नाही चालणार. अडचण ‘गेला’ची आहे. बैल बाजारात विकला जातो, क्रिकेटपटू लिलावात विकला जातो. विकणारा दुसराच कुणीतरी असतो. या गाण्यातला पोरगा मात्र आपल्या हाताने सही करतो.

गाणं १९९६ सालच्या ‘टर्न द रेडिओ ऑफ’ या अल्बममधलं, बँड कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बीचचा. बाज स्का-पंक: जमैकाच्या स्कासारखी ठेक्याच्या मधल्या जागी तुटक वाजणारी गिटार, ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा गजर आणि पंकची धावती लय. फास्ट फूडच्या दुकानात राबणाऱ्या तरुणापुढे रेकॉर्ड कंपनीचा करार येतो. आज त्या कागदावर सही करू नकोस, असं गाण्यातली एक मुलगी त्याला सांगते, तोवर उशीर झालेला असतो. कागदात काय वाचलं तेही त्याला आठवत नाही. ध्रुवपदात तर तो ऐकणाऱ्यालाच बोलावतो, की चल, तूही ये, कंपनी भरपूर पैसे देणार आहे. चाल इतकी उल्हासाची की पाय आपोआप हलतात, आणि टोमणा नेमका त्या उल्हासात आहे. म्हणून मराठी शब्दही आज्ञार्थात चालणारा आणि हसत म्हणता येईल असा हवा.

आपल्याकडे शब्दांची वाण नाही. ‘गल्लाभरू’ झकास आहे, पण तो कलाकृतीला लागतो. सिनेमा गल्लाभरू असतो, माणूस नसतो. ‘बाजारू’ अभिरुचीकडे झुकतो. ‘धंदेवाईक’ची गोष्ट वेगळी. पूर्वी रंगभूमीलाही हौशी आणि धंदेवाईक असं सरळ म्हणत. पुढे त्या शब्दाला वास लागला आणि ‘व्यावसायिक’ आला. माणसाला ‘विकाऊ’ म्हणता येतं, पण ती शिवी झाली. मित्राला ‘चल, विकाऊ हो’ असं कोण म्हणेल?

‘सुपारी घेणे’ मोहात पाडतो. पुढाऱ्याच्या बोलण्यावर ‘सुपारी घेऊन बोलतोय’ असा आरोप रोज होतो. तरीही इथे तो मी घेणार नाही. जत्रा जवळ आल्या की नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, बोलणी होतात, इसार देऊन सुपारी ठरते. बँडवाला लग्नाची सुपारी घेतो तीही अशीच. त्यात कमीपणा काही नाही, ती कलावंताची भाकरी आहे. पैसे घेऊन गाणं आणि पैशासाठी आपलं गाणंच बदलणं यांतलं अंतर आपल्या भाषेने नीट जपलंय, ते अनुवादात पुसलं जाऊ नये.

थोडा वेळ मी ‘खपणे’वर रेंगाळलो. माल खपतो, माणूस दिवसभर कामात खपतो आणि लढाईत सैनिक खपतात. दुकानात खपणारा पोरगा रेकॉर्ड खपावी म्हणून स्वतः खपतो! एका कडव्यात हा शब्द जरूर वापरा. शीर्षकात मात्र सही करणारा हात दिसत नाही, कारण खपणं आपोआप घडतं.

माझी पसंती ‘विकून मोकळं होणे’ला. शेत विकून मोकळा झाला, जुनी गाडी विकून मोकळे झालो, असं आपण सहज बोलतो. विकणारा स्वतः, निर्णय झटक्यात आणि वर एक सुटकेचा सुस्कारा. करारात अडकणारा माणूस स्वतःला ‘मोकळा’ म्हणतो, इथे गाण्याचा उपरोध अलगद मराठीत उतरतो. इंग्रजीतही या क्रियापदाला असा एक जुना अर्थ आहे. ब्रिटिश लष्करात १८७१पर्यंत अधिकारपदं विकत मिळत, आणि आपलं पद विकून नोकरीतून बाहेर पडण्याला ‘सेल आउट’ म्हणत. म्हणजे शब्दशः विकून मोकळं होणं.

तेव्हा शीर्षक ‘चल, विकून मोकळे होऊ’ असं करून पाहा. ‘स्वतःला’ घालू नका. काय विकायचं ते शीर्षकात न सांगता राहू द्या. सहीच्या ओळीपाशी ऐकणाऱ्याला ते कळेल.