सुरीशिवायचा स्वयंपाक

प्रिय मनू,

आज सकाळी मी सुरी कपाटात ठेवली, तवा खाली उतरवला आणि म्हटलं, आज नागपंचमी. आज चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही. त्यावर तू विचारलंस, "बाबा, आयर्लंडमध्ये तर सापच नाहीत. मग हे सगळं कुणासाठी?" पुरण शेगडीवर होतं, ते लागू नये म्हणून मी नुसतं "सांगतो" म्हटलं. पण प्रश्न फार चांगला आहे, म्हणून त्याचं नीट उत्तर लिहितोय.

इथे रानात साप नाहीत हे अगदी खरं. सेंट पॅट्रिकनं त्यांना समुद्रात हाकललं ही गोष्ट तू शाळेत ऐकलीसच. शास्त्रज्ञ सांगतात ते असं, की हिमयुगात इथे सापांना राहण्याजोगं काही नव्हतं, आणि बर्फ वितळल्यावर ते येऊन पोचायच्या आत मध्ये समुद्र पसरला.

महाराष्ट्रात मात्र श्रावणात साप हमखास दिसतात. पावसानं बिळांत पाणी शिरतं, ते बाहेर पडतात. नागिणीनं उन्हाळ्यात घातलेली अंडीही साधारण दोन महिन्यांनी, म्हणजे ऐन पावसाळ्यात, फुटतात. नेमकी तेव्हाच शेतात माणसांची कामं चाललेली असतात.

आजी नागपंचमीची कहाणी सांगते ती इथूनच सुरू होते. शेतकरी नांगरत असतो, फाळ लागून नागाची पिल्लं मरतात. त्याला ते कळतही नाही. नागीण येते, रक्तानं भरलेला नांगर बघते आणि रागानं त्याच्या घरातल्या सगळ्यांना डसते. एक मुलगी तेवढी उरलेली, ती लग्न होऊन परगावी गेलेली. नागीण तिलाही डसायला निघते. जाऊन बघते तर त्या मुलीनं पाटावर गंधानं नाग काढलेत, दूध-लाह्यांचा नैवेद्य ठेवलाय आणि डोळे मिटून हात जोडलेत. नागिणीचा राग जातो. ती मुलीला अमृत देते, आणि मुलगी माहेरी जाऊन सगळ्यांना उठवते. म्हणून त्या दिवशी नांगरायचं नाही, चिरायचं नाही, तवा नाही, तळण नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे बघ. त्या मुलीच्या घरीही साप नव्हता. तिनं तो काढला होता. माहेरापासून लांब, कुणी आठवण करून द्यायला नसताना तिनं तो दिवस पाळला, आणि म्हणून तिचं माहेर वाचलं. तू आज सकाळी पाटावर काढलास तो नाग (जीभ जरा जास्तच लांब आहे, पण मला आवडली) त्याच जातीचा आहे. शेतकऱ्यानं मुद्दाम काही केलं नव्हतं, तरी कुणाची तरी पिल्लं गेली, आणि ते विसरायचं नाही म्हणून वर्षातून एक दिवस धारेची हत्यारं खाली ठेवायची, हे मला मनापासून पटतं. घाबरून मात्र पाळू नकोस. चुकून सफरचंद कापलंस तर काहीही होणार नाही.

दूध चित्रापुढेच ठेवायचं, हेही लक्षात ठेव. साप दूध पीत नाहीत, ते उंदीर-बेडूक खातात. गारुडी पूर्वी उपाशी-तहानलेला नाग दारोदार फिरवून त्याला दूध पाजायचे, त्यात सापाचे हाल व्हायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं नागाला संरक्षण आहे, त्याला पकडून असं फिरवणं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे.

या दिवसाबद्दल मला सगळ्यात जास्त आवडतं ते स्वयंपाकघरातलं. सुरी नाही, तवा नाही, उकळतं तेल नाही. म्हणजे एरवी "लांब हो, भाजेल" म्हणून तुला जिथून बाजूला करतो, तेच सगळं आज बाजूला गेलं. उरलं ते भिजवणं, मळणं, लाटणं, भरणं, दुमडणं. पुरण मात्र मीच आटवणार, कारण ते अंगावर उडतं. हरभऱ्याची डाळ मऊ शिजवून, पाणी निथळून, वाटीला वाटी गूळ घालायचा आणि उलथनं पुरणात उभं राहीपर्यंत ढवळायचं. मग वेलदोडा, जायफळ, आणि गरम असतानाच पुरणयंत्र. यंत्राचं हँडल तू फिरवलंस, आणि खालून बारीक दाणेदार पुरण पडायला लागल्यावर तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

दिंडं, म्हणजे पुरण भरून वाफवलेल्या कणकेच्या घड्या, करताना तुझी पहिली दोन चाळणीत उकलली, ती का, ते सांगतो. पारी कडेला जाड आणि मधे पातळ झाली होती; हवी उलटी, मधे जरा जाड, कारण पुरणाचा भार तिथेच असतो. दुसरं म्हणजे कडांना पाण्याचं बोट लागलं नव्हतं. चारी बाजू पाकिटासारख्या आत घ्यायच्या, शेवटची कड ओली करून दाबायची आणि घडीची बाजू खाली करून ठेवायचं. पाणी आधी खळखळून उकळू द्यायचं, मगच चाळणी ठेवायची. झाकणाला फडकं बांधायचं, नाहीतर वाफेचं पाणी टपटप पडून दिंडं चिकट होतात. पंधरा मिनिटांनी ओल्या बोटानं दाबून बघायचं. पीठ बोटाला लागलं नाही की झाली. वर तूप भरपूर, त्यात काटकसर नको.

तिसऱ्यापासून तुझी सगळी टिकली. ती मी वेगळ्या ताटलीत ठेवलीत. आजीला व्हिडिओवर दाखवताना कुठली कुणाची ते तूच सांग.

माझ्या आजोळी, रत्नागिरीकडे, याच दिवशी दिंडांऐवजी पातोळ्या होतात. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापायचं, ओलं खोबरं आणि गुळाचं सारण पसरायचं, पान मधोमध दुमडून वाफवायचं. नियम तोच, पण तिथे भात आणि नारळ पिकतो, म्हणून पदार्थ वेगळा. पानाचा वास पिठात उतरतो, त्याशिवाय पातोळी होत नाही, आणि ती पानं मला इथे अजून मिळालेली नाहीत. म्हणून पुढच्या मार्चमध्ये आपण ओल्या हळदीचं कांड खिडकीतल्या कुंडीत लावू. पाणी घालायचं काम तुझं. कुंडी कुठली घ्यायची ते शनिवारी ठरवू.

तुझा,
बाबा