उतरलं की गोष्ट संपते : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मित्राने लई कौतुक केलं म्हणून अमेरिकन दिग्दर्शक जिम जार्मुशचा 'नाइट ऑन अर्थ' बघितला. पाच शहरं, पाच टॅक्स्या, पाच गोष्टी. शेवटी सगळे कुठंतरी एकत्र येतील म्हणून वाट बघत बसलो तर पिक्चरच संपला. मग ह्याला एक सिनेमा कशाला म्हणायचं?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : तुमची चिडचिड कळते. आपल्याला सवयच अशी लागलीय की चार वेगळ्या गोष्टी दिसल्या की शेवटी एक अपघात, एक लग्न किंवा एक खून त्या सगळ्यांना गाठ मारणार. इथं ती गाठ शेवटी नाही, सुरुवातीलाच आहे. भिंतीवरची पाच घड्याळं आठवा. लॉस एंजेलिसमध्ये संध्याकाळचे 7:07 तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे 10:07, पॅरिस आणि रोममध्ये पहाटेचे 4:07, हेलसिंकीत 5:07. म्हणजे पाचही टॅक्स्या एकाच क्षणाला रस्त्यावर आहेत, आणि दर गोष्टीच्या आधी दिग्दर्शक काटे मागं फिरवून तुम्हाला पुन्हा त्याच क्षणाला आणून सोडतो. मी वहीत आकडेमोड केली, तेव्हा आपल्याकडे सकाळचे 8:37 होतात. मिरज जंक्शनबाहेर रिक्षावाले 'सांगली सांगली' ओरडत असतात ती वेळ. हे कळल्यावर माझ्यासाठी हा सिनेमा एकदम एकसंध झाला.

आणि गोष्टी अर्धवट वाटतात म्हणता, पण टॅक्सीत दुसरं काय होतं ओ? काही वर्षांपूर्वी रात्री दोनला मिरज स्टेशनवरून सांगलीला रिक्षाने आलो. आरशाला सुकलेला गजरा लटकत होता आणि रिक्षावाले मामा रस्ता बघत बघत मुलीच्या बारावीच्या रिझल्टबद्दल सांगत होते, मार्क चांगले पडलेत पण ती पुण्याला शिकायला जाणार म्हणून ह्यांना रात्री झोप नाही, म्हणून मग रात्रीचीच रिक्षा चालवतात. मी पाठीमागून हो-हो करत होतो. गावभागात उतरलो, त्यांनी सुट्टे मोजून दिले आणि गेले. ती मुलगी पुण्याला गेली का, मला आजतागायत माहीत नाही. पण ती आठ-दहा किलोमीटरची गोष्ट माझ्याजवळ पुरी आहे. जार्मुशने 1991 साली नेमकं हेच पकडलं. मीटर चालू आहे तोवर गोष्ट, उतरलं की संपली.

पहिल्याच गोष्टीत बघा, विनोना रायडरची पोरगेली ड्रायव्हर टेलिफोनची डिरेक्टरी बुडाखाली घेऊन गाडी चालवते, मागं बसलेली जीना रोलंड्स सिनेमात नट निवडून देणारी बाई, ती हिला थेट सिनेमात काम देऊ करते आणि ही नको म्हणते, कारण हिला मेकॅनिक व्हायचंय. दुसऱ्या कुठल्याही पिक्चरमध्ये पुढच्या सीनला ती पोरगी स्टार झालेली दाखवली असती. इथं ती आपली पुढच्या भाड्याला निघून जाते. पॅरिसमध्येही तसंच, आयव्हरी कोस्टचा ड्रायव्हर आंधळ्या बाईला सारखे प्रश्न विचारतो, तुला हे कसं कळतं, ते कसं कळतं, आणि ती उतरून कालव्याच्या काठाने एकटी व्यवस्थित चालत जाते तर हा डोळस माणूस गाडी ठोकतो. दिग्दर्शक तिथं एक सेकंदही समजावत बसत नाही. मला हा संयम फार आवडतो. एकदा परत बघा, पण ह्यावेळी शेवटाची वाट न बघता.

प्रश्न : सर, कोरेगाव-सातारा वडापमध्ये (शेअर जीपमध्ये) घडणारी शॉर्टफिल्म करायचीय. बजेट नाही, मोबाईलवरच शूट करणार. चालत्या गाडीत कसं करायचं?
— कॉलेज विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : विषय एकदम भारी निवडलास. जीपमध्ये गुडघ्याला गुडघा लावून बसलेली माणसं, मांडीवर दुसऱ्याचं पोरगं, असली गर्दी परदेशातल्या टॅक्सीत मिळायची नाही. इराणचे दिग्दर्शक अब्बास कियारोस्तमी यांचा 2002 सालचा 'टेन' मिळाला तर जरूर बघ. डॅशबोर्डवर दोन छोटे डिजिटल कॅमेरे, एक ड्रायव्हरकडे आणि एक शेजारच्या सीटकडे, एवढ्या सामानात तेहरानच्या रस्त्यावरच्या दहा गप्पा झाल्यात. मग मोबाईल कमी आहे असं वाटणार नाही. खरी अडचण आवाजाची येणार, डिझेल इंजिनात संवाद पार बुडतात. तेव्हा कॉलरला छोटा माइक लाव आणि तेच संवाद गाडी बंद करून परत एकदा रेकॉर्ड करून ठेव. आणि एक, जो खरंच गाडी चालवतोय त्याला चालत्या रस्त्यावर लांबलचक डायलॉग देऊ नको. त्याचे सीन उभ्या गाडीत रात्री घे, बाहेरून कुणीतरी टॉर्च फिरवला की दिवे मागं पळाल्यासारखे दिसतात.

प्रश्न : माझे वडील तीस वर्षं गाडीवर होते, आधी वडाप मग टॅक्सी. आता गुडघ्यामुळे घरीच असतात, फार बोलत नाहीत. त्यांना 'नाइट ऑन अर्थ' दाखवावासा वाटतो पण इंग्लिश येत नाही. दाखवू का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : दाखवाच. इंग्लिश, फ्रेंच, इटालियन, फिनिश अशा भाषा आहेत त्यात, त्यामुळे सगळं कळणारा माणूस तसाही कुठंच नाही. सुरुवात न्यूयॉर्कपासून करा. पूर्व जर्मनीतून आलेला सर्कसचा जोकर टॅक्सी ड्रायव्हर झालाय, त्याला ऑटोमॅटिक गाडी येत नाही, दोन्ही पाय पेडलवर, गाडी झटके खात चाललीय. शेवटी ब्रुकलिनला जाणारा पॅसेंजरच वैतागून स्टेअरिंग हातात घेतो आणि जोकर शेजारच्या सीटवर बसून खुशीत न्यूयॉर्क बघत राहतो. तुमच्या वडिलांना ह्याला एकही सबटायटल लागणार नाही, पहिल्या झटक्यालाच ते काहीतरी बोलतील.

रोमचा भाग मात्र एकत्र बघू नका असं मी सांगेन. ड्रायव्हर झालेला इटालियन नट रॉबर्तो बेनिन्यी फार जोरात आहे त्यात, पण रात्री गॉगल लावून तो पाद्रीपुढं जी पापं कबूल करतो ती बापलेकांनी शेजारी बसून ऐकण्यासारखी नाहीत.

शेवटी हेलसिंकी. रस्त्यावर बर्फ, मागं तीन प्यालेले कामगार. एकाची नोकरी गेलीय, तो गाढ झोपलाय आणि बाकीचे दोघं म्हणतात ह्याच्याएवढं दुःख कुणाच्या वाट्याला आलं नसेल. तेव्हा ड्रायव्हर स्वतःच्या, दिवस भरायच्या आधीच जन्मलेल्या लेकीची गोष्ट सांगतो. ती जगणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून नवरा-बायकोने जीव लावायचाच नाही असं ठरवलेलं. पुढचं मी लिहीत नाही. मात्ती पेलोनपा हा नट ते सांगताना आवाज जरासुद्धा चढवत नाही, रस्ता बघतच सांगतो, जसं रात्रीचे ड्रायव्हर खरंच सांगतात. तिथं शेजारी बसून सबटायटल हळूहळू मराठीत सांगा, घाई करू नका. आणि मधेच वडील स्वतःचं कुठलं भाडं आठवून सांगायला लागले तर पिक्चर थांबवा, तो उद्याही बघता येईल.