कॅलिफोर्नियातलं लोडाय एवढं तापतं, तरी तिथल्या वाइनमध्ये आंबटपणा कसा टिकतो?

संध्याकाळी सुटणाऱ्या डेल्टा ब्रीझमुळे. दुपारी सेंट्रल व्हॅली तापून हवा वर चढते. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरावरची गार हवा कार्किनेझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून, सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन नद्यांच्या त्रिभुज प्रदेशावरून आत ओढली जाते. दुपारी ३३-३५ अंशांवर असलेला पारा पहाटे १३-१५ वर उतरतो. उबदार रात्री द्राक्षातलं मॅलिक आम्ल झपाट्याने खर्च होतं, गार रात्री ते मण्यात राहतं. म्हणूनच लोडायची झिनफँडेल (लाल वाइनची द्राक्षजात) पूर्ण पिकूनही सपक लागत नाही. वाऱ्याच्या तोंडावरच्या क्लार्क्सबर्गला तर शेनिन ब्लाँ (आपल्या नाशिककडेही असते तीच जात) फारच सुंदर येते.

खरी पंचाईत वारा पडल्यावर. सलग काही रात्री उबदार गेल्या की साखर चढते, आम्ल घसरतं. अशा वेळी नुसत्या ब्रिक्सवर (रसातल्या साखरेच्या मापावर) विसंबू नका, पीएच रोज मोजा; आम्ल घसरलं की हा आकडा चढतो. पांढऱ्या जातीत तो ३.४च्या आसपास आला की रात्रीच तोडणी उरका.