‘द गर्ल ऑन द ट्रेन’ कादंबरी अर्धी वाचून झाली, त्यातली रेचल डोक्यात जातेय, सोडून देऊ का? आणि दारू पिऊन सगळं विसरणाऱ्या बाईवर पोलिसांनी संशय घेतला तर चुकलं काय?

सोडू नका. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला बोलायचंच आहे, कारण हेच वाक्य मी आमच्या मामांच्या तोंडून ऐकलंय, फक्त त्यात दारू नव्हती.

माझी मावसबहीण. नवरा हात उगारायचा क्वचित, पण रोजचं सुरू, तू असं म्हणालीच नव्हतीस, गॅस तूच चालू ठेवलास, माझ्या आईला तूच टाकून बोललीस. शेवटी शेवटी ती वहीत लिहून ठेवायला लागली, दुधाचे पैसे दिले, किल्ली फ्रीजवर ठेवली, आणि मग ती वहीच सापडायची नाही. एका रात्री झटापट झाली, कपाटाचं दार त्याच्या कपाळाला लागलं आणि हा पठ्ठ्या आधी जाऊन चौकीत बसला. आम्ही पोचलो तर साहेब इस्त्रीच्या शर्टात, कपाळाला पट्टी, समोर चहा. ही कोपऱ्यात उभी, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. हवालदारांनी विचारलं, त्रास कधीपासून? आधी म्हणाली दिवाळीपासून, मग म्हणाली नाही नाही गणपतीपासून, आणि मग चक्क नवऱ्याकडेच वळून विचारलं, "गणपतीच होते ना?" झालं. एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लागली ती हिच्यावर. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, जिला साधी तारीख सांगता येत नाही तिच्यावर विश्वास कोण ठेवणार.

अहो पण तारीख सांगता येत नाही हाच तर पुरावा आहे ना! रेचलचं तेच झालंय. तिचा आधीचा नवरा टॉम तिला सांगतो की तू गोल्फची काठी घेऊन माझ्यावर धावून आलीस, भिंतीला पोचा पडला, आणि ती बिचारी स्वतःलाच कोसत बसते. खरं काय घडलेलं ते तिला खूप पुढे आठवतं, ती पानं वाचल्याशिवाय तिच्याबद्दल मत बनवू नका. तुम्हाला तिचा जो राग येतोय तो बराचसा टॉमने सांगितलेल्या रेचलचा आहे.

तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने, गॅस्किलने, संशय घेणं चूक नाही, हे मी पण म्हणते. नोकरी गेली तरी रेचल फ्लॅटमेटला कळू नये म्हणून ८:०४ ची ट्रेन पकडून लंडनला जाते, बेपत्ता झालेल्या मेगनच्या नवऱ्याला मी मेगनची मैत्रीण म्हणून थाप मारते, मेगन नाहीशी झाली त्या रात्री त्याच भागात होती आणि सकाळी उठते तर डोक्याला खोक. संशय घ्याच. पण तिचं ऐकायचंच नाही हे वेगळं.

कादंबरी आली २०१५ ला, आणि बायकोला असं कायम मुठीत ठेवणं हा इंग्लंडात गुन्हा ठरला तोही त्याच वर्षी. आपल्याकडे तर कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात घालूनपाडून बोलणं, अपमान करणं हेही हिंसेतच धरलंय, तक्रार घ्यायला संरक्षण अधिकारी असतात. तरी आम्हाला चौकीत काय विचारलं, तर वळ दाखवा. नंतर संरक्षण अधिकारी मॅडमनी माझ्या बहिणीला शांतपणे बसवून घेतलं, तारखा विचारल्याच नाहीत, नुसतं कुठल्या सणाला काय झालं ते विचारत गेल्या, आणि तिला सगळं ओळीने आठवलं. मामा, वाचत असाल तर, गणपतीच होते, आणि त्या दिवशी आरतीला तुम्ही स्वतः हजर होतात.

आता विसरणारी प्रत्येक बाई छळलेलीच असते असं माझं म्हणणं नाही. दारूने माणूस विसरतोच. पुस्तक मध्ये रेंगाळतं हेही खरंय, तारखा मागेपुढे होतात त्यामुळे प्रत्येक प्रकरणाच्या वरची तारीख बघत चला नाहीतर मेगनचा भाग कळणार नाही. टॉमच्या नव्या बायकोचा, म्हणजे अ‍ॅनाचा भाग कंटाळून गाळू नका. सिनेमा बघून काम भागवू नका, हॉलिवूडवाल्यांनी गोष्ट उचलून न्यूयॉर्कला नेलीय. आणि वर गोल्फचं सांगून टाकलंय, पण खून कोणी केला ते सांगितलेलं नाही, तेव्हा खाली स्पॉयलर स्पॉयलर म्हणून ओरडू नका.