गावात राहून पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) एअरगनची टाकी स्वस्तात कशी भरायची?

भाऊ, एकट्यापुरतं असेल तर तीन स्टेजचा (तीन टप्प्यांत हवा दाबणारा) हातपंपच सगळ्यात स्वस्त, आणि गावात तीन-चार शौकीन असाल तर वर्गणी काढून १२ व्होल्टचा छोटा पीसीपी कंप्रेसर घ्या, गाडीच्या बॅटरीवर चालतो, लोडशेडिंगची कटकट नाही, फक्त लय गरम होतो, मधे मधे थंड होऊ द्या. पंक्चरवाल्याकडं जाऊन फायदा नाही, त्याचा कंप्रेसर ८-१० बार (हवेच्या दाबाचं माप) देतो अन् आपल्याला २०० च्या आसपास पाहिजे. तिसरा रस्ता म्हणजे इंडस्ट्रियल गॅसवाल्याकडचा नायट्रोजन, नागपूर-अमरावतीच्या एमआयडीसीकडं विचारून पाहा. हवेत तसाही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, वरून हा कोरडा, त्यामुळं टाकीला आतून गंज धरत नाही. पण सिलेंडर साधारण १५० बारला भरलेला येतो, म्हणजे २०० ची टाकी फुल होणार नाही, आणि दर भरणीला त्याचं प्रेशर उतरत जाते. रेग्युलेटरवाली (दर शॉटला सारखाच दाब देणारी) गन असेल तर तेवढ्यातही चांगले शॉट निघतात. हाय प्रेशरचा होज अन् गेज मात्र पाहिजेच, जुगाड नको. आणि दुकानदार म्हणाला 'नायट्रोजन संपला, ऑक्सिजन घेऊन जा, सारखंच आहे' तर सरळ परत या, जास्त दाबाचा ऑक्सिजन अन् थोडंसं तेल-ग्रीस एकत्र आलं की स्फोट होतो. सेकंडहँड टाकी घेत असाल तर तिच्यावरची हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबानं टाकीची मजबुती तपासतात ती) तारीख आधी बघा.